अडीच लिटरची चकाकी: मेण लावलेल्या नागपुरी संत्र्याच्या एका लॉटचे प्रकरण

हे प्रकरण प्रातिनिधिक आहे. नागपूर जिल्ह्यातल्या काटोल-नरखेड पट्ट्यात फळे धुऊन, मेण लावून भरणाऱ्या पॅकहाउसमध्ये ज्या चुका सुट्या सुट्या दिसतात, त्या इथे एकाच लॉटमध्ये आणल्या आहेत, म्हणजे त्यांचा एकमेकींशी असलेला संबंध लक्षात येतो.

माल मृग बहाराचा, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याचा; मार्चचा दुसरा पंधरवडा. नऊ टन संत्री धुऊन, मेण लावून, प्लास्टिकच्या क्रेटमध्ये भरून दुपारी ट्रकमध्ये चढली आणि वर ताडपत्री ओढून बंगळूरुला निघाली. तिसऱ्या दिवशी माल उतरला तेव्हा कुणाची तक्रार नव्हती. रंग चांगला, फळ टणक, चकाकी अशी की व्यापाऱ्याने भावासाठी घासाघीसही केली नाही. पाचव्या दिवसापासून फोन सुरू झाले. नागपूरच्या अडत्याने ते पॅकहाउसपर्यंत पोचवले ते असे: "भाऊ, माल चमकते तं खरा, पण फोड तोंडात टाकली का मोहाच्या दारूसारखी लागून राहिली."

तक्रारीत दोन गोष्टी विचित्र होत्या. एक, वास सगळ्याच फळांना नव्हता. एकाच क्रेटमधले एक फळ उत्तम आणि शेजारचे आंबूस. दोन, देठाजवळची साल सुरकुतायला लागली होती. मेण लावायचे ते पाणी टिकावे म्हणून. इथे पाणीही गेले आणि चवही गेली.

किती जाड थर होता?

पॅकहाउसमध्ये मेणाची जाडी कुणी मोजत नाही, मोजतात ते लिटर. पण लिटरवरून जाडी काढणे सोपे आहे. सरासरी १४० ग्रॅमचे नागपुरी संत्रे गोल धरले तर व्यास सुमारे ६.७ सेंटिमीटर येतो आणि पृष्ठभाग १४१ चौरस सेंटिमीटर. एका टनात अशी ७,१०० च्या वर फळे बसतात. सगळ्यांची साल अंथरली तर जवळपास १०० चौरस मीटर क्षेत्र होते. त्यावर टनाला एक लिटर या नेहमीच्या प्रमाणात मेणाचे द्रावण पसरले की ओला थर १० मायक्रॉनचा होतो (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). द्रावणात घन भाग १८ टक्के असेल तर वाळल्यावर उरतो १.८ मायक्रॉन. बाजारातल्या कॅरीबॅगवर १२० मायक्रॉनची किमान अट असते; हा थर तिच्या साठाव्या हिश्शाहूनही पातळ.

या लॉटला पिंपातून २२.५ लिटर द्रावण गेले होते, म्हणजे टनाला अडीच लिटर. वाळलेला थर सरासरी ४.५ मायक्रॉन. डोळ्यांना हा फरक दिसत नाही, हाताला लागत नाही. वजनात पाहिले तर एका फळावर २५ मिलिग्रॅमऐवजी ६३ मिलिग्रॅम. आणि तरी सगळा घोटाळा इथेच आहे, कारण थरातून वायू किती वेगाने जातो हे जाडीच्या व्यस्त प्रमाणात ठरते. थर अडीचपट जाड झाला की त्यातून आत जाणारा ऑक्सिजन अडीचपटीने घटतो. फळाची भूक मात्र तेवढीच राहते.

सरासरीनेही पूर्ण चित्र दिसत नव्हते. या लाइनवर मेण सोडणारी तीन नोझल, म्हणजे तोंडे, आहेत. प्रत्येकाखाली मोजपात्र धरून एक मिनिट पंप चालवला तेव्हा एका कडेच्या नोझलमधून ९ मिलिलिटर, दुसऱ्या कडेच्या नोझलमधून १४ आणि मधल्यातून २७ मिलिलिटर आले. मधल्याचे तोंड झिजून मोठे झाले होते. फळे ब्रशवरून पुढे सरकताना साधारण आपापल्या रांगेतच राहतात, त्यामुळे मधल्या रांगेतल्या फळांवर टनामागे चार लिटर, म्हणजे सात मायक्रॉनच्या वर थर बसला आणि कडेच्या एका रांगेत अडीच मायक्रॉनहूनही कमी. पुढे प्रतवारीत या सगळ्या रांगा एकत्र मिसळतात. एकाच क्रेटमध्ये गोड आणि आंबूस फळ शेजारी बसण्याचे कारण हे.

अडीच लिटर लागलेच कसे?

ऑपरेटरने मेण उधळले, असा निष्कर्ष पहिल्या बैठकीत निघाला होता. तो अर्धवट होता. ऑपरेटरसमोर चकाकी न येणारा माल होता आणि त्याने हातात होता तोच उपाय केला.

धुलाईनंतर फळ पुसणारे स्पंजचे रोलर झिजून चपटे झाले होते. फळ ओलसरच मेणाच्या ब्रशवर येत होते. ओल्या फळावर मेण पातळ होते, फेसाळते, आणि वाळल्यावर थर मळकट दिसतो. मंद चकाकी पाहून ऑपरेटरने पंप वाढवला: मिनिटाला ३३ मिलिलिटरवरून ५० वर. त्याच दिवशी शेतातून माल तुटक येत होता आणि तासाला दोन टनांची लाइन जेमतेम १.२ टन ओढत होती. पंपाला याची खबर नसते. बहुतेक लहान पॅकहाउसमध्ये मेणाचा पंप आणि फळांचा पट्टा यांचा काही संबंध जोडलेला नसतो. पट्ट्यावर फळे कमी आली तर प्रत्येकाच्या वाट्याला मेण जास्त येते. तासाला तीन लिटर मेण आणि १.२ टन माल, हिशेब बरोबर अडीच लिटरवर येतो.

म्हणजे दोष सुरू झाला स्पंजमध्ये आणि दिसला मेणात. चकाकी कमी पडली की आधी फळ कोरडे आहे का ते पाहायचे. ब्रशवर येणारी दहा फळे उचलून टिपकागदावर फिरवली की कळते. कागदावर ओला माग उमटला तर पंपाला हात लावायचा नाही.

सालीवर आधीच एक थर असतो

संत्र्याची साल नुसती धुतली तरी फळ लवकर सुकते, हे बागायतदारांना ठाऊक आहे. त्याचे कारण क्युटिकल. पेशींच्या सर्वांत बाहेरच्या रांगेवर क्युटिन या पदार्थाची काही मायक्रॉनची सलग कातडी असते, तिच्या आत मेण मुरलेले असते आणि वरही मेणाचे बारीक पापुद्रे असतात. पाणी अडवण्याचे बहुतेक काम क्युटिन करत नाही, हे मेण करते. लिंबूवर्गीय झाडांच्या पानांचे क्युटिकल वेगळे काढून त्यातले मेण विद्रावकाने धुऊन टाकले की त्यातून पाणी जाण्याचा वेग शेकडो पटींनी वाढतो. जाडी जवळपास तीच राहते, अडवणूक संपते.

या लॉटमध्ये धुलाईचे ब्रश ताठ नायलॉनचे होते. त्यांनी मातीबरोबर वरचे मेण घासून नेले आणि सालीतल्या तेलाच्या काही ग्रंथीही फोडल्या. तेल सालीवर पसरले की तिथल्या पेशी मरतात आणि पुढे तपकिरी डाग पडतात; असे डाग या मालात होतेच. नैसर्गिक थर असा विरळ झाल्यावर बाहेरून लावलेल्या मेणाने दोन कामे करायची होती, गेलेल्या थराची भरपाई आणि वर थोडी बचत.

इथे मेणाच्या जातीचा प्रश्न येतो. चकाकीसाठी लाखेचे, म्हणजे शेलॅकचे द्रावण वापरले होते. लाख ही किड्याने स्वतःच्या रक्षणासाठी फांदीवर घातलेली पुटे; पूर्व विदर्भात ती पळसावर घेतात. ती पाण्यात अमोनियासारख्या अल्कलीच्या मदतीने विरघळवतात आणि वाळताना अमोनिया उडून गेला की थर कडक होतो. लाखेइतकी चकाकी दुसऱ्या कशाला येत नाही. पण तिचा थर ऑक्सिजनला फार अडवतो आणि पाण्याच्या वाफेला मात्र खऱ्या मेणापेक्षा कमी. कार्नोबाचे उलटे आहे. ब्राझीलमधल्या एका ताडवर्गी झाडाच्या पानांवरचा हा नैसर्गिक थर झाडून काढतात. तो सुमारे ८२ ते ८६ अंशांना वितळतो, चकाकी मध्यम देतो, पाणी चांगले अडवतो आणि वायूला त्यामानाने वाट देतो. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांत ताज्या फळांवर मधमाशीचे मेण, कार्नोबा आणि शेलॅक यांना चांगल्या उत्पादन पद्धतीच्या मर्यादेत आणि लेबलवर तसे लिहून परवानगी आहे. त्यामुळे निवड कायद्याने अडत नाही, ती दुकानातल्या दिव्याखाली ठरते. नागपुरी संत्र्याला शेलॅकची आरशासारखी चकाकी देण्याचा हट्ट मुळातच चुकीचा वाटतो. सैल सालीचे फळ आहे ते, सफरचंद नव्हे.

पाण्याची वाट वेगळी, हवेची वेगळी

मेण जाड केले तर पाणीही तितकेच वाचेल, असा समज लाइनवर सर्रास असतो. तो का फसतो हे या प्रकरणातले सर्वांत उपयोगाचे आहे.

फळाच्या सालीवर पानासारखीच बारीक रंध्रे असतात, आणि देठाच्या टोपीखाली आणखी एक वाट असते. ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड यांची ये-जा मुख्यतः या छिद्रांतून होते. पाण्याची वाफ मात्र सबंध क्युटिकलमधून, भेगांतून, खरचटलेल्या जागांतून पाझरते. ब्रशने फिरवलेले पातळ मेण क्युटिकलवरच्या भेगा आणि खरचटे झाकते, काही रंध्रे बुजवते, काही मोकळी ठेवते. पाण्याची जी बचत व्हायची ती बहुतांश याच टप्प्यात होते. द्रावण आणखी ओतले की ते उरलेल्या रंध्रांत आणि देठाच्या खळग्यात उतरते. नागपुरी संत्र्याला देठाशी थोडी मान असते. ब्रशचे केस त्या खळग्यात पोचत नाहीत आणि द्रावण तिथे साचते. म्हणजे जास्तीच्या मेणाने हवेच्या वाटा बंद होतात, पाण्याची वाट जवळपास होती तिथेच राहते.

हवा तुटली की गराच्या पेशी ऑक्सिजनशिवाय साखर मोडू लागतात. साखर मोडताना तयार होणाऱ्या पायरुव्हेटपासून ॲसिटाल्डिहाइड, त्यापासून इथेनॉल, म्हणजे मद्यार्क. चव बिघडवणारे हे दोन पदार्थ, आणि मोहासारखा वास त्यांचाच. मोसंबीपेक्षा संत्र्यात हे लवकर साठतात, म्हणून मोसंबीला चाललेली सेटिंग संत्र्याला तशीच लावता येत नाही. एकाच लाइनवर दोन्ही फळे चालवणाऱ्यांकडून ही चूक हमखास होते.

नागपुरी संत्र्याच्या मध्याशी पोकळी असते, तिचा तपासणीत फायदा घेता येतो. फळ बादलीतल्या पाण्याखाली धरून तळाच्या बाजूने सुई पोकळीत घालायची, सिरिंजने आतली हवा ओढायची आणि वायू तपासणाऱ्या यंत्राला द्यायची. पाण्याखाली धरायचे ते सुईच्या कडेने बाहेरची हवा आत शिरू नये म्हणून. बाहेर २१ टक्के असलेला ऑक्सिजन आत किती उरला ते पाच मिनिटांत कळते. यंत्र नसेल तर दहा फळे खोलीच्या तापमानाला आठवडाभर ठेवून रोज एक खाणे, ही तपासणीही वाईट नाही. अट एकच, फळे मधल्या रांगेतलीही घ्यायची.

मार्च महिन्याचा वाटा

थर तेवढाच ठेवून तापमान बदलले तर निकाल पूर्ण बदलतो. ट्रक भरताना गराचे तापमान ३४ अंश होते. थर्मामीटरची सुई फळात खुपसून ते पाहता येते. फळाचा श्वसनवेग दर १० अंशांना साधारण दोन ते अडीचपट वाढतो. शीतगृहातल्या ७ अंशांच्या तुलनेत ३४ अंशांना ऑक्सिजनची गरज सहा ते बारापट होते. मेणाच्या थरातून वायू जाण्याचा वेग उष्णतेने वाढतो, पण एवढा नाही. म्हणून शीतगृहात महिनाभर उत्तम राहणारा मेणाचा थर ताडपत्रीखाली तीन दिवसांत फळ आंबवतो.

पाण्याचा हिशेब याहून टोकाचा आहे. मार्चमधल्या नागपूरच्या दुपारी ३६ अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता धरली तर फळाच्या आतली वाफ बाहेर ओढणारी तूट, म्हणजे आतल्या आणि बाहेरच्या वाफेच्या दाबातला फरक, सुमारे ४.७५ किलोपास्कल येते. ७ अंश आणि ९० टक्के आर्द्रतेच्या खोलीत तीच ०.१ किलोपास्कल. जवळपास ४५ ते ५० पटींचा फरक. दोन-चार मायक्रॉनच्या मेणाने एवढी तूट भरून निघत नाही. या लॉटची साल सुरकुतली ती प्रामुख्याने पॅकहाउसच्या शेडखाली आणि ट्रकमध्ये गेलेल्या तासांमुळे. मेणाने तो वेळ थोडा लांबवला असता, थर नीट बसला असता तर.

कारणे सुटी कशी करायची

अशा वेळी सगळे एकदम बदलले तर पुढच्या हंगामात काय राखायचे ते कळत नाही. एकाच बागेची, एकाच दिवशी कात्रीने देठ राखून तोडलेली फळे चार गटांत विभागायची: न धुतलेली, नुसती धुतलेली, टनाला एक लिटर मेणाची आणि टनाला अडीच लिटरची. प्रत्येक गटाचे दोन क्रेट, एक शेडखाली आणि एक ६ ते ७ अंशांना. रोज वजन, दर दोन दिवसांनी चव. ओढून तोडलेली फळे या चाचणीत येऊ द्यायची नाहीत. देठाशी साल फाटलेली असते आणि सगळे आकडे बिघडतात.

दिसते ते असे. शेडखाली सर्वांत आधी सुकतो तो धुतलेला, बिनमेणाचा गट, न धुतलेल्याच्याही आधी. एक लिटर आणि अडीच लिटर या दोन गटांच्या वजनांत फार अंतर पडत नाही, चवीत मात्र पडते. थंडीत अडीच लिटरचा गट आधी निर्दोष वाटतो आणि त्यामुळेच फसगत होते: बाहेर काढून दोन-तीन दिवस दुकानाच्या तापमानाला ठेवला की वास सुटतो. चव घ्यायची ती शीतगृहाच्या दारात नव्हे, त्यानंतर.

थराची जाडी लाइनवर तपासायला नागपूरच्या इतवारीतल्या सराफांकडे असतो तसा एक मिलिग्रॅमपर्यंत मोजणारा काटा पुरतो. संत्र्याएवढे प्लास्टिकचे चेंडू धुऊन, वाळवून, नंबर घालून, वजन करून फळांबरोबर लाइनवर सोडायचे. मेण वाळवणाऱ्या गरम हवेच्या बोगद्यातून बाहेर आले की थंड होऊ देऊन पुन्हा वजन. फळाचे पाणी सतत उडत असल्याने त्याच्या वजनातून २५ मिलिग्रॅम शोधता येत नाहीत, चेंडूच्या वजनातून येतात. प्लास्टिक सालीइतके मेण धरतेच असे नाही, तेव्हा हा आकडा खरी जाडी म्हणून घ्यायचा नाही. पण डावी, मधली आणि उजवी रांग यांत फरक किती आहे, ते चेंडू चोख सांगतात.

काय बदलले

मधले नोझल बदलले आणि तिन्ही मिनिटाला ११ मिलिलिटरवर आणले. दररोज पाळी सुरू करण्याआधी मोजपात्राने तपासणी. तिन्हींत एका मिलिलिटरहून जास्त फरक दिसला तर नोझल कोमट पाण्याने धुवायचे, तरी न जमले तर बदलायचे. लाखेचे द्रावण रात्रभर नोझलमध्ये राहिले तर कडक होते, म्हणून पाळी संपताना अल्कलीच्या पाण्याने मेणाची नळी आणि नोझल धुतली जातात. माल तुटक आला तर पट्टा थांबवून फळे साठू द्यायची आणि मग पूर्ण भरलेली लाइन चालवायची. ते शक्य नसेल तर १.२ टनाला पंप मिनिटाला २० मिलिलिटर. हे कोष्टक पंपाशेजारीच रंगवून ठेवले आहे.

स्पंजचे रोलर नवे, त्यांच्यापुढे पंख्याचा झोत. धुलाईचे ब्रश मऊ. मेणाच्या ब्रशमध्ये घोड्याचे केस, आणि त्यांची गती मिनिटाला १०० फेऱ्यांच्या आत. जोरात फिरवले तर थर एकसारखा होण्याऐवजी खरवडला जातो. वाळवण बोगद्यात सुमारे ५० अंशांची हवा दोन-तीन मिनिटे. कमी वाळलेली लाख शीतगृहातून बाहेर आल्यावर दव धरून पांढरी पडते, आणि मग तोच व्यापारी फळावर पावडर मारल्याचा संशय घेतो.

दूरच्या मालासाठी लाखेऐवजी कार्नोबाचे १२ टक्के घन भागाचे द्रावण ठरले, टनाला एक लिटर, म्हणजे थर १.२ मायक्रॉनचा. पॅकिंगनंतर माल आधी ६ ते ७ अंशांपर्यंत थंड करायचा आणि ट्रक रात्री भरायचा. शीतवाहन परवडत नसेल तर निदान रात्रीची भरणी आणि ताडपत्रीच्या बाजू मोकळ्या. नागपूरच्या कळमना बाजारात दोन-तीन दिवसांत खपणाऱ्या मालाला मेण लावणेच बंद केले. तो माल धुतातही हलक्या हाताने, किंवा नुसता पुसतात.

याची किंमत पडली ती चकाकीत. कार्नोबाचा माल दिव्याखाली फिका दिसतो आणि पहिल्या दोन ट्रकना भाव थोडा कमी बोलला गेला. त्यावर अडत्यामार्फत एकच तोड निघाली. दर ट्रकबरोबर लाखेची आणि कार्नोबाची पाच-पाच किलो फळे वेगळी पाठवायची आणि सातव्या दिवशी व्यापाऱ्याने ती स्वतः सोलून खायची.

आंबिया बहाराला हीच सेटिंग तशीच लावू नये. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या फळाची साल हिरवट असते. रंग येण्यासाठी माल इथिलीन वायूच्या खोलीत ठेवला असेल तर देठ सैल झालेले असतात आणि श्वसन वाढलेले असते. शिवाय हवा दमट असल्याने फळ ब्रशवर कोरडे पोचायला जास्त वेळ लागतो. नोझलची तपासणी तीच, पण चार गटांची चाचणी त्या हंगामाच्या पहिल्या तोडणीवर पुन्हा घ्यावी लागते, आणि मेण इथिलीनच्या खोलीतून माल बाहेर आल्यानंतरच लावायचे. आधी लावले तर फळाला रंग नीट चढत नाही, कारण इथिलीनलाही आत शिरायला तीच छिद्रे लागतात.